पार्ट बदलणारे पुष्कळ, दोष शोधणारे थोडे

प्रश्न: पत्रलेखक 19 वर्षांचा आहे. शाळेचं शिक्षण संपलंय, गुण मध्यम. जड वाहनांच्या दुरुस्ती-देखभालीच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला त्याला प्रवेश मिळालाय आणि शुल्क भरायला महिनाभराची मुदत आहे. वडील आयुष्यभर ट्रक चालवत आले. ते म्हणतात, 'काहीही कर, पण मेकॅनिक होऊ नकोस. पदवी घे.' मोठी बहीण म्हणते की ट्रक आता विजेवर चालणार, डिझेलवाल्यांना काम राहणार नाही. त्याला स्वतःला लहानपणापासून इंजिनांचं वेड आहे. 'आवाजावरून बिघाड ओळखतो,' असं तो लिहितो. त्याचा प्रश्न असा: 'हा कोर्स करू, इंजिनिअरिंगची पदवी घेऊ, की सरळ एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली लागू? आणि बाबांना या कामाची लाज वाटते, त्यांना कसं समजावू?'

उत्तर:

तुझ्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते मला पटलं नाही. बाबांना या कामाची लाज वाटते, हे त्यांनी कधी बोलून दाखवलंय की तूच तसं धरून चाललायस? ज्या माणसाची सगळी उमर ट्रकच्या केबिनमध्ये गेली, त्याला ट्रकखाली झोपणाऱ्या माणसाची लाज वाटेल, हे मला कठीण वाटतं. त्यांना भीती वाटत असण्याची शक्यता जास्त आहे. तू ट्रकचं इंजिन ऐकत मोठा झालास. त्यांनी मात्र रस्त्याच्या कडेला, रात्री, नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या भरल्या गाडीखाली शिरणारी माणसं पाहिलीत. 'मेकॅनिक होऊ नकोस' म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर तेच चित्र असेल, तर 'या कामाला प्रतिष्ठा आहे' हे तुझं उत्तर त्यांच्या प्रश्नाला लागूच पडत नाही.

शिवाय त्यांची भीती खोटी नाही, म्हणून ती आधी नीट पाहू.

ट्रकची मागची ब्रेक यंत्रणा घे. पाय दाबल्यावर लागणारा ब्रेक हवेच्या दाबाने लागतो. पार्किंग ब्रेकचं काम उलट्या रीतीने चालतं. तिथे एक दणकट स्प्रिंग असते, हवा तिला दाबून धरते आणि हवा गेली की स्प्रिंग सुटून चाक जखडते. रस्त्यावर हवा गळाली तरी गाडी थांबावी, यासाठीची ही सोय आहे. पण ही स्प्रिंग ज्यात असते तो डबा, म्हणजे ब्रेक चेंबर, वर्कशॉपच्या टेबलावर बोल्ट लावून स्प्रिंग बांधून न घेता उघडला, तर ती स्प्रिंग माणसाचा जीव घेऊ शकते. टायरचंही तसंच. सुट्या तुकड्यांच्या रिमवर बसवलेल्या टायरमध्ये लोखंडी सुरक्षा पिंजऱ्याबाहेर हवा भरताना रिमची रिंग निसटून उडाली, तर समोरच्याला हलायलाही वेळ मिळत नाही. आजच्या डिझेल इंजिनात इंधनाचा दाब 2000 बारच्या घरात जातो. ट्रकच्या टायरमध्ये साधारण 8 बार हवा असते, त्यावरून अंदाज कर. चालू इंजिनाच्या नळीतून इंधन कुठे गळतंय हे हाताने चाचपणाऱ्याच्या कातडीतून ते आत शिरतं. बाहेर सुई टोचल्यासारखी खूण दिसते आणि आत हात सडायला लागतो. अशा वेळी 'काही नाही, बारीक टोचलंय' म्हणून घरी जायचं नसतं, तत्काळ शस्त्रक्रिया करू शकणाऱ्या रुग्णालयात जायचं असतं. धुराचं म्हणशील तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकला. जुन्या ब्रेक लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ एअर गनने उडवणं ही सवय अजूनही अनेक ठिकाणी दिसते, आणि ती फुप्फुसांचा नाश करणारी आहे.

हे सगळं तुला घाबरवायला लिहिलं नाही. यातला जवळजवळ प्रत्येक धोका टाळता येतो आणि टाळण्याची रीत ठरलेली आहे. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, उचलल्यावर गाडी स्टँडवरच टेकवायची आणि चाकं घरंगळू नयेत म्हणून ठोकळे लावायचे. केबिन पुढे कलवली की तिचा लॉक बसलाय हे बघूनच खाली वाकायचं. डंपरचा हौदा वर असेल तर आधाराचा दांडा लावल्याशिवाय त्याच्याखाली डोकंही घालायचं नाही. वर्कशॉपमध्ये चालू इंजिनाच्या सायलेन्सरला धूर बाहेर नेणारी नळी जोडायची. या गोष्टी पहिल्या आठवड्यात शिकवणारी आणि रोज पाळणारी जागा मिळाली, तर तुझं आयुष्य बाबांनी पाहिलेल्या त्या माणसांपेक्षा वेगळं असेल. म्हणून त्यांना समजावायला जाण्याआधी एक प्रश्न विचार: 'इतक्या वर्षांत कोणाच्या हाती गाडी दिली की तुम्हाला निर्धास्त वाटायचं, आणि का?' उत्तर नीट ऐक. या धंद्यातला चांगला माणूस कसा असतो, हे ट्रक चालवणाऱ्यांइतकं कोणालाच माहीत नसतं. ज्याने ब्रेक बरोबर जोडले की नाही यावर त्यांचा जीव अवलंबून होता, त्या माणसाबद्दल ते तुच्छतेने बोलणार नाहीत.

आता तुझ्या वेडाबद्दल. इंजिन आवडणं आणि इंजिन दुरुस्त करणं आवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आवाजावरून बिघाड ओळखणं ही मोठी देणगी आहे, कान तयार असणं पुढेही उपयोगी पडेल. पण आजच्या ट्रकमध्ये पुष्कळ बिघाड आवाजच करत नाहीत. एखादा सेन्सर खोटं सांगतो, एखाद्या जोडणीत गंज चढतो, एखादी वायर हलल्यावरच तुटते. इंजिन गुळगुळीत चालत असतं आणि तरीही गाडी ओढत नाही.

याच तक्रारीचं उदाहरण घेऊ. ट्रक रिकामा असताना ठीक, भरला की चढाला दम तोडतो. ड्रायव्हर म्हणतो, 'पिकअप नाही.' एक मेकॅनिक लगेच म्हणेल, टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा) गेला. नवा टर्बो बसतो, मालक पैसे मोजतो आणि चार दिवसांनी गाडी तीच तक्रार घेऊन परत येते. मग इंजिनात इंधन फवारणारे इंजेक्टर बदलतात. मग पंप. दुसरा मेकॅनिक आधी ड्रायव्हरशी बोलतो. कधीपासून? अचानक की हळूहळू? गरम झाल्यावरच का? धूर कसा? काळा धूर असेल तर इंधनाच्या मानाने हवा कमी पडतेय. धूर नाही आणि ताकदही नाही, तर इंधन कमी पडतंय किंवा इंजिन सांभाळणारा संगणक, म्हणजे कंट्रोल युनिटच, ताकद कापतंय. मग तो त्या युनिटमध्ये नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावतो. जड वाहनांच्या कोडमध्ये सहसा दोन आकडे असतात. एक सांगतो की तक्रार कोणत्या मापाबद्दल आहे, दुसरा सांगतो की बिघाड कोणत्या जातीचा आहे. दुसरा आकडा 3 असेल तर व्होल्टेज नेहमीपेक्षा जास्त, 4 असेल तर कमी, 5 असेल तर करंट कमी किंवा सर्किट तुटलेलं. म्हणजे सेन्सरचं नाव आलं म्हणून सेन्सर बदलायचा नसतो, आधी त्याची वायर तपासायची असते. कोड नसेल तर हा माणूस भरलेली गाडी चढावर नेतो आणि टर्बोने किती दाब द्यायला हवा होता व प्रत्यक्षात किती दिला हे पडद्यावर बघतो. दाब कमी निघाला तर हवेचा मार्ग बंद करून त्यात दाब भरतो, आणि टर्बोकडून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या रबरी होजला एक चीर सापडते. रिकाम्या गाडीत ती मिटलेली असते, दाब वाढला की उघडते. चीर नसती तर त्याने एअर फिल्टर पाहिला असता, मग काजळीचा फिल्टर तुंबलाय का ते. हवा बरोबर असती तर तो इंधनाच्या दाबाकडे वळला असता. काम संपलं एका होजवर.

हे वाचताना पुढे काय निघेल याची उत्सुकता वाटली, तर हे क्षेत्र तुझं आहे असं मी म्हणेन. 'एवढं कशाला, टर्बो बदलून बघू' असं वाटलं, तर जरा थांब. पार्ट बदलायला हात लागतात, ते पुष्कळांकडे असतात. दोष शोधायला संयम लागतो, वायरिंगची आकृती वाचता यावी लागते, मल्टिमीटर धरता यावा लागतो आणि स्वतःचा अंदाज चुकला हे मान्य करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ज्यांच्या गाड्या उभ्या राहिल्या की रोजची कमाई बुडते, ते अशा माणसाला हातचं जाऊ देत नाहीत. म्हणूनच 'हाताचं काम की डोक्याचं काम' ही नातेवाइकांनी पाडलेली फाळणी मला मान्य नाही.

बहिणीचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. तिचं म्हणणं अर्धं खरं आहे. विजेवरच्या ट्रकमध्ये इंजेक्टर नाहीत, इंजिन ऑइल नाही, टर्बो नाही, काजळीचा फिल्टर नाही, धुरासाठीचं युरियाचं द्रावण नाही. फक्त एवढंच शिकलेल्या माणसाचं काम काळानुसार आटत जाईल. पण एअर ब्रेक राहतात, स्टिअरिंग राहतं, पाटे आणि एअर सस्पेन्शन राहतं, हब, बेअरिंग, टायर, हायड्रॉलिक, ट्रेलर, एसी, कूलिंग सगळं राहतं. नव्या तक्रारीही येतात. मोटरच गाडीचा वेग कमी करत असल्याने ब्रेक कमी वापरले जातात, आणि न वापरलेले ब्रेक गंजतात, चिकटतात. बॅटरीचा व्होल्टेज 400 ते 800 च्या घरात असतो. नारिंगी रंगाच्या त्या केबलना प्रशिक्षणाशिवाय हात लावायचा नसतो, कारण मुख्य स्विच काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ वीज शिल्लक राहते. आधी वाट बघायची, मग मीटरने शून्य आहे हे तपासायचं, मगच हात घालायचा. आणि रस्त्यावर आज धावणारे डिझेल ट्रक एका सकाळी नाहीसे होणार नाहीत. जड वाहनं वर्षानुवर्षं चालतात, पहिल्या मालकानंतर दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे जातात.

असा बदल या क्षेत्रात पहिल्यांदा येत नाही. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन 1897 मध्ये यशस्वी ठरलं आणि ट्रकमध्ये ते 1920 च्या दशकात आलं. नंतर कितीतरी दशकं यांत्रिक पंपाचं राज्य होतं. पंप कानाने आणि हाताने जुळवणारे उस्ताद तेव्हा मोठे मानले जायचे. मग इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आलं, सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून मोठ्या दाबाने इंधन देणारं कॉमन रेल आलं. ज्यांनी मल्टिमीटर हातात घेतला ते टिकले, ज्यांनी 'हे वायरवालं आपलं काम नाही' म्हटलं ते मागे पडले. तुझ्या पिढीसाठी याचा अर्थ सरळ आहे. शिकताना विजेला पहिलं स्थान दे. इंजिन तू आवडीने शिकशीलच. ओहमचा नियम, व्होल्टेज ड्रॉप, रिले, अर्थिंग, गाडीतल्या कंट्रोल युनिट्सची एकमेकांशी चालणारी बोली, हे न कंटाळता शीक.

आता तीन वाटा. इंजिनिअरिंगची पदवी वाईट नाही, पण ती या कामाची वरची पायरी आहे हा समज काढून टाक. ती वेगळी वाट आहे. ती तुला रचना, गणित, उत्पादन आणि व्यवस्थापनाकडे नेते. चार वर्षं शिकूनही ब्रेक चेंबर न उघडलेले पदवीधर असतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो, कारण त्यांचं शिक्षण त्यासाठी नव्हतंच. तुला 'हा ट्रक का ओढत नाही' यापेक्षा 'हे इंजिन असंच का बनवलं' हा प्रश्न जास्त छळत असेल तर पदवीकडे जा. आणि बाबांच्या समाधानासाठी पदवी घेऊन नंतर आवडीचं करू, असा विचार असेल तर तो सोड. त्यात तुझी उमेदीची वर्षं आणि घरचे पैसे दोन्ही जातील.

सरळ मिस्त्रीच्या हाताखाली लागणं ही जुनी वाट आहे आणि तिचा मला आदर आहे. हात तिथेच तयार होतात. पण सगळं शिक्षण त्या एका माणसावर अवलंबून राहतं. त्याला जे येतं तेच तुला येणार, आणि त्याच्या वाईट सवयीही तुला लागणार. त्याला वायरिंगची आकृती वाचता येत नसेल तर तुला ती कोण शिकवणार? म्हणून मी कोर्सच्या बाजूने आहे, पण एका अटीवर: त्याच काळात खऱ्या वर्कशॉपमध्ये, खऱ्या गाड्यांवर काम मिळालं पाहिजे. वर्गात अडीच महिने आणि वर्कशॉपमध्ये अडीच महिने, अशी आलटून-पालटून रचना असेल तर उत्तम. नसेल तर सुट्टीत तू स्वतः जमव.

पण तुला मिळालेला कोर्स चांगला आहे का? हे माहितीपत्रकावरून कळत नाही, तिथे जाऊन पाहावं लागतं. सरावाला ठेवलेली इंजिनं कोणत्या काळातली आहेत, ते पाहा. फक्त कापून रंगवलेली, न चालणारी इंजिनं असतील तर सावध हो. एअर ब्रेकची पूर्ण चालती मांडणी आहे का? एका स्कॅनरभोवती किती मुलं उभी असतात? शिक्षक गाडीत मुद्दाम दोष घालून मुलांना शोधायला लावतात का? मला विचारशील तर हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि याचं उत्तर शिक्षकांआधी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचार. टायरचा पिंजरा, स्टँड, धुराची नळी कुठे आहेत आणि त्यांच्यावर धूळ बसलीय का, तेही बघ. मागच्या तुकडीतली मुलं आज कुठे काम करतात हे नावानिशी सांगता येत नसेल, तर 'शंभर टक्के नोकरी'च्या फलकाकडे लक्ष देऊ नकोस. जमलं तर बाबांना सोबत ने. ट्रकच्या बाबतीत त्यांची नजर तुझ्यापेक्षा तयार आहे.

शुल्क भरण्याआधी आणखी एक कर. निदान दोन आठवडे एखाद्या जड वाहनांच्या वर्कशॉपमध्ये बिनपगारी का होईना उभा राहा. सुरुवातीची वर्षं कशी असतात हे तिथेच दिसेल: ग्रीसिंग, ऑइल बदलणं, चिखलाने माखलेली चेसिस धुणं, लायनर, पुन्हा ग्रीसिंग. रात्री ब्रेकडाउनचा फोन येतो, पाऊस पडत असतो, आणि गाडीखाली शिरावंच लागतं. चाकाचे नट टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर लागला हे मोजणाऱ्या पान्याने, आवळायचे असतात, पुष्कळ ट्रकांवर 600 न्यूटन मीटरच्या आसपास, आणि गाडी 50 ते 100 किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासायचे असतात. हे दुसऱ्यांदा तपासणं कंटाळवाणं आहे, पण चाक निखळून होणारे अपघात त्यानेच टळतात. दोन आठवड्यांनंतरही सकाळी तिथे जावंसं वाटलं, तर तुझ्या वेडाला आधार आहे असं समज.

इंग्रजीची भीती तू लिहिली नाहीस, पण इतर अनेक मुलं लिहितात, म्हणून सांगतो. दुरुस्तीची पुस्तकं बहुतेक इंग्रजीत असतात. ती वाचायला फाडफाड बोलता येण्याची गरज नसते. रोज एक पान, शब्दकोश शेजारी ठेवून, वहीत शब्द उतरवत वाचलं तर पहिल्या वर्षाअखेर तेच तेच शब्द परत येताना दिसतात.

मुलीही हाच प्रश्न विचारतात, आणि त्यांना हमखास ताकदीचं कारण सांगितलं जातं. ट्रकचं चाक रिमसकट साधारण 100 किलोचं असतं. ते कोणीही हाताने उचलू नये, पुरुषानेही नाही. त्यासाठी चाकाची ट्रॉली असते, गिअरबॉक्ससाठी जॅक असतो, घट्ट नटांसाठी टॉर्क वाढवणारा पाना असतो. जिथे ही साधनं नाहीत आणि अंगमेहनतीवरच सगळं चालतं, तिथे चाळिशीत सगळ्यांच्याच कमरा जातात. अशी जागा मुलामुलींनी दोघांनीही टाळावी. मुलींनी वर्कशॉप निवडताना स्वच्छतागृह, कपडे बदलायला जागा आणि रात्रपाळीतली सुरक्षितता हे प्रश्न संकोच न करता विचारावेत.

शरीराचा विचार आत्तापासून कर. पंचविशीत गाडीखाली झोपणं सोपं असतं, पंचेचाळिशीत नसतं. पुढच्या वाटा बऱ्याच आहेत: इलेक्ट्रिकल दोष शोधणारा तज्ज्ञ, ताफ्याच्या देखभालीचं नियोजन, वाहन तपासणी, प्रशिक्षण, स्वतःचं वर्कशॉप. डिझेल आणि हायड्रॉलिक येणाऱ्याला क्रेन, खोदकामाची यंत्रं, बस, अग्निशमन गाड्या, जनरेटर इथेही काम असतं. स्वतःचं वर्कशॉप काढायचं स्वप्न असेल तर हिशेब आणि बिलं लिहायला आत्ताच शीक. चांगले मेकॅनिक उधारी वसूल न झाल्याने बुडाल्याची उदाहरणं या धंद्यात खूप आहेत. कानाला संरक्षण आणि हातात मोजे पहिल्या दिवसापासून वापर. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, आणि तुझ्या कामात तर कान हे हत्यार आहे.

महिनाभराची मुदत आहे, ती अशी वापर. पहिल्या आठवड्यात बाबांशी बोल आणि संस्था पाहून ये. पुढचे दोन आठवडे वर्कशॉपमध्ये घालव. शेवटच्या आठवड्यात निर्णय घे. संस्था कच्ची निघाली तर केवळ जागा मिळालीय म्हणून शुल्क भरू नकोस, एक वर्ष चांगल्या वर्कशॉपमध्ये काढून दुसरीकडे अर्ज कर. 19 व्या वर्षी ते वर्ष वाया जात नाही. संस्था चांगली निघाली आणि वर्कशॉपमध्ये मन रमलं, तर प्रवेश घे. मात्र कर्ज काढून हत्यारांची भलीमोठी पेटी घेऊ नकोस. एक चांगला मल्टिमीटर, सॉकेटचा एक संच, डोक्याला लावायचा दिवा, सुरक्षेचे बूट आणि चष्मा एवढ्यावर सुरुवात होते. बाकीची हत्यारं कामाला लागतील तशी एकेक घे.